गेम कुठून घ्यायचा हे नुसत्या किमतीवर ठरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कॉम्प्युटरवरचे गेम ऑनलाईन स्वस्तात कुठे मिळतात यावर अर्धं पान आलं होतं, ते मी दोनदा वाचलं. मराठी पेपरने हा विषय घेतला याचं आधी बरंच वाटलं, कारण इतकी वर्षं गेमचं नाव पेपरात आलं की पोरं वाया चाललीत एवढीच बातमी असायची. पण त्या लेखात सगळा हिशोब किमतीचा होता, गेम विकणाऱ्या ऑनलाईन दुकानांपैकी स्टीमवर एवढ्याला, एपिकवर एवढ्याला, जीओजीवर एवढ्याला, आणि शेवटी जिथे कमी दिसेल तिथून घ्या. माझं म्हणणं असं की इथेच माणूस फसतो, आणि मी स्वतः फसलोय, चांगले पैसे घालवून फसलोय, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. थोडं लांबेल, जागेनुसार कापा, फक्त घरात गेमची फाईल ठेवण्याबद्दल जे लिहिलंय तेवढं कापू नका ही विनंती.

मी सांगलीचा, वय ४१, नोकरी करतो, घरी आठवीतला मुलगा आणि शेजारच्याच गल्लीत भाऊ राहतो त्याचा मुलगा, दोघंही गेमवाले. मी स्वतः खेळायला लागलो २००२-०३ ला, कॉलेजला असताना, सायबर कॅफेत, तासाला २० रुपये. तेव्हा सगळीकडे एकच गेम चालायचा, आयजीआय. ज्यांनी खेळलाय त्यांना आठवत असेल, त्यात मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोयच नव्हती, मेलात की परत पहिल्यापासून, आणि इकडे तास संपत आला की कॅफेवाला येऊन खुर्चीच्या मागे उभा राहायचा. घरी कॉम्प्युटर आला तेव्हा गेम म्हणजे मुंबईला कोणी गेलं की लॅमिंग्टन रोडवरून आणलेली सीडी, तीही कॉपी केलेली, त्याला आम्ही चोरी म्हणत सुद्धा नव्हतो. पुढे स्वतःचा पगार सुरू झाला तसं ठरवलं की आता गेम विकतच घ्यायचे, ज्यांनी बनवले त्यांना पैसे मिळाले पाहिजेत, आणि तेव्हापासून आजपर्यंत एकही गेम चोरून उतरवून घेतलेला नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणी म्हणू नये की मग चोरूनच खेळा ना.

२०१३ मध्ये पहिला गेम विकत घेतला तो डबा होता, मॉलमधल्या दुकानातून, रोख पैसे देऊन. आत डीव्हीडी आणि एक कागद, कागदावर कोड, तो कोड ऑनलाईन दुकानाच्या खात्यात टाकला की गेम तुमचा. मग त्याच खात्यात एकेक करत सेलमध्ये घेत गेलो, कधी ३०० चा, कधी ५०० चा, असे एकूण ३१ गेम झाले. मधे मुलगा लहान होता, दोन-तीन वर्षं खेळणं बंदच होतं. तेवढ्यात काय काय झालं बघा. जुना मोबाईल नंबर रिचार्ज केला नाही म्हणून गेला आणि कंपनीने दुसऱ्याला दिला, जुना मेल वर्षानुवर्षं उघडला नाही म्हणून मेलवाल्याने बंद केला, आणि लॉकडाऊनमध्ये एक दिवस मुलाला म्हटलं चल तुला बाबाचे गेम दाखवतो, पासवर्ड टाकला, तर दुकान म्हणतं नवीन कॉम्प्युटर दिसतोय, मेलवर कोड पाठवलाय तो टाका. मेलच अस्तित्वात नाही तर कोड कुठून आणणार.

सपोर्टला लिहिलं. त्यांनी विचारलं पहिल्या खरेदीचा पुरावा द्या, म्हणजे डब्यातल्या कोडच्या कागदाचा फोटो, नाहीतर ज्या कार्डाने पैसे भरले त्याचे शेवटचे आकडे. पहिली खरेदी रोखीची, डबा घर बदलताना रद्दीत गेला, आणि पुढची कार्डं त्या बँकेने दोनदा बदलून दिली. पाच आठवडे मेल चालले होते, प्रत्येक वेळी वेगळा माणूस, प्रत्येक वेळी तोच प्रश्न. शेवटी तिकीट बंद केलं. ३१ गेम गेले. दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांच्या बाजूनेही विचार करता येतो, उद्या कोणीही येऊन हे माझं खातं म्हणाला तर त्यांनी कसं द्यायचं, आणि थोड्याफार फरकाने हे कुठल्याही दुकानात होऊ शकतं. पण मुलगा शेजारी स्टूल घेऊन बसला होता, त्याने विचारलं बाबा तुम्ही पैसे दिले होते ना मग ते गेम तुमचे का नाहीत, आणि मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर नंतर शोधलं तेव्हा मिळालं. आपण या दुकानांत जे घेतो तो गेम नसतो, गेम खेळायची परवानगी असते, लायसन्स. करारात ते पहिल्यापासून लिहिलेलं आहे, पण बटणावर लिहिलेलं असतं विकत घ्या, आणि तेवढं बघून आपण पैसे भरतो, करार कोण वाचतंय. कॅलिफोर्नियाने यावर कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, की तुम्ही नुसती परवानगी विकत असाल तर गिऱ्हाईकाला तसं स्पष्ट सांगा, नाहीतर विकत घ्या हा शब्द वापरू नका. त्याच्या थोडं आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्टीमने पैसे भरायच्या पानावर एक ओळ टाकली की हे लायसन्स आहे. मला तरी ती ओळ टाकली हे आवडलं, उशिरा का होईना खरं सांगितलं.

आणि ही नुसती कागदावरची भीती नाही. युबिसॉफ्टचा द क्रू नावाचा गाड्यांचा गेम होता, २०१४ ला आला, लोकांनी पूर्ण पैसे देऊन घेतला, ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि त्या गेममध्ये एकट्याने खेळायचा भाग सुद्धा सर्व्हरशिवाय चालत नसल्यामुळे सगळा गेमच मेला, वर लोकांच्या खात्यातून लायसन्सही काढून घेतली. त्यावरून युरोपात स्टॉप किलिंग गेम्स म्हणून मोहीम उभी राहिली, रॉस स्कॉट नावाच्या एका यूट्यूबरने सुरू केलेली, आणि २०२५ च्या जुलैपर्यंत १० लाखांवर लोकांनी युरोपियन युनियनकडे त्यासाठी सह्या केल्या. आपल्याकडे या विषयावर एक ओळ कुठे छापून आलेली मला दिसली नाही.

म्हणून मी आता कुठलाही गेम घ्यायच्या आधी किंमत बघत नाही, आधी हे बघतो की उद्या हे खातं गेलं किंवा दुकानच बंद झालं तर माझ्या हातात काय उरेल. दुकानं बंद होतात हो. गुगलने स्टेडिया नावाची गेमची सेवा काढली आणि जानेवारी २०२३ ला बंद केलं, त्यांनी निदान पैसे परत दिले. गेमवाल्यांच्या गप्पांचं ॲप डिस्कॉर्ड, त्यांनी २०१८ ला गेमचं दुकान काढून पुढच्या वर्षी गुंडाळलं. बेथेस्डा या गेम कंपनीचा लाँचर, म्हणजे गेम घ्यायचा आणि चालू करायचा प्रोग्राम, २०२२ ला बंद झाला, तेव्हा लोकांना आपले गेम स्टीमवर हलवून मिळाले. एवढ्या मोठमोठ्या कंपन्यांचं असं होतं.

आता जीओजी. हे पोलंडचं दुकान, विचर हा गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने २००८ ला सुरू केलं, तेव्हा नाव होतं गुड ओल्ड गेम्स, जुने गेम नवीन विंडोजवर चालतील असे करून विकायचे. आता नवीन पण मिळतात. यांची गोष्ट एवढीच की गेमला कुलूप नाही, म्हणजे कॉपी अडवणारं डीआरएम नाही, आणि तुम्हाला गेमचा पूर्ण इन्स्टॉलर, म्हणजे गेम बसवायची फाईल, उतरवून घेता येतो, नेट नसलं, लाँचर नसला, उद्या जीओजी नसलं तरी ती फाईल चालते. लायसन्सच आहे तेही, कायद्याने, पण फाईल माझ्या कपाटात आहे आणि ती कोणी सांगलीत येऊन पुसणार नाही.

मी पहिला काय घेतला असेल तर आयजीआय. इन्स्टॉलर उतरवला, हार्ड डिस्कवर टाकला. ही हार्ड डिस्क म्हणजे १ टीबीची काळी डबी आहे, तिच्यावर मुलाने पांढरी पट्टी चिकटवून स्केचपेनने गेम्स असं लिहिलंय. भावाच्या मुलाकडे जुना कॉम्प्युटर आहे, ४ जीबी रॅम, विंडोज ७. स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ ला सपोर्ट बंद केलाय, त्यामुळे त्या मशीनवर स्टीमचं खरं नाही. एका रविवारी मी ती डबी घेऊन गेलो, जोडली, सेटअपवर दोनदा क्लिक केलं, पाच मिनिटांत पहिल्या मिशनचं कुंपण आणि त्यावरचा कॅमेरा स्क्रीनवर. पासवर्ड नाही, कोड नाही, मेल नाही. मी २२ वर्षांपूर्वी २० रुपये तासाने खेळलेला गेम माझा मुलगा आणि पुतण्या शेजारी बसून खेळत होते, आणि दोघांना मध्ये सेव्ह नसल्याचा तेवढाच राग येत होता जेवढा आम्हाला यायचा. मला त्या दिवशी जे वाटलं ते कुठल्याही सेलमध्ये वाटलेलं नाही.

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी एक गोष्ट नीट सांगतो कारण इथे बरेच जण चुकतात. मोठा गेम असला की जीओजीचा इन्स्टॉलर एक फाईल नसतो, एक छोटा सेटअप आणि त्याच्या बरोबर ४-४ जीबीच्या बऱ्याच .bin नावाच्या फाईली असतात, त्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये पाहिजेत, एक जरी राहिली तर अर्ध्यावर जाऊन अडकतो. उतरवून झालं की एकदा इन्स्टॉल करून बघा मगच डिस्क काढून ठेवा. आणि ती कॉपी आपल्या घरासाठी आहे, वर्गातल्या चाळीस पोरांना पेनड्राईव्हवर वाटायला नाही, त्यांनी विश्वासाने कुलूप काढलंय तर आपण तो पाळला पाहिजे, नाहीतर उद्या कुठली कंपनी आपला गेम तिथे ठेवणार.

त्रासही आहे, तो लपवत नाही. मी घेतले तेव्हा किंमत डॉलरमध्ये लागली आणि तिथे आपल्या माणसाची पहिली अडचण कार्डापासून सुरू होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात, आणि मर्यादा टाकून ठेवा, २००० च्या वर नको, काम झालं की परत बंद. शिवाय बँक वर चार्ज लावते. समजा गेम १० डॉलरचा, डॉलर ८५ धरला तर ८५० रुपये, त्यावर साडेतीन टक्के म्हणजे जवळपास ३०, त्या ३० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी पाच-साडेपाच, असे ८८५ च्या आसपास पडतात. तोच गेम स्टीमवर रुपयात बऱ्याचदा त्याच्यापेक्षा कमी असतो, कारण स्टीमने नोव्हेंबर २०१५ मध्ये भारतासाठी रुपयात किमती सुरू केल्या आणि बरेच पब्लिशर, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपन्या, आपल्याकडे कमी किंमत ठेवतात. लेखातली किमतीची तुलना त्यामुळे चुकीची नव्हती. मी तो जास्तीचा पैसा फाईलसाठी देतो, समजून देतो. आणखी एक, नवीन मोठे गेम जीओजीवर उशिरा येतात किंवा येतच नाहीत, कारण पब्लिशरला कुलूप पाहिजे असतं. पैसे परत मिळण्याचा नियम मात्र त्यांचा सगळ्यात चांगला, ३० दिवस, गेम उतरवून खेळला असला तरी परत करता येतो.

स्टीमबद्दल मी वाईट बोलणार नाही. व्हॉल्व्ह कंपनीचं हे दुकान २००३ ला सुरू झालं, २००४ ला त्यांचा हाफ लाईफ २ हा गेम आला तेव्हा डबा विकत घेऊनही स्टीम टाकावंच लागायचं म्हणून लोक चिडले होते, आज तेच लोक दुसरीकडे जायला तयार नाहीत. त्याला कारण आहे. युपीआयने पैसे भरता येतात, म्हणजे ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड नाही तो कॉलेजचा पोरगाही घेऊ शकतो. प्रत्येक गेमखाली लोकांची मतं असतात आणि मत देणाऱ्याने किती तास खेळलाय ते शेजारी दिसतं, दोनशे तास खेळून एखादा म्हणतो घेऊ नका तर त्यात काहीतरी असतं. १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत, जास्त प्रश्न नाहीत. आपला कॉम्प्युटर गेम ओढेल का नाही हे बघायला हे दोन तास सोन्यासारखे आहेत, बॉक्सवरची रिक्वायरमेंट वाचून काही कळत नाही. एक मात्र, कथा बघत बसू नका, आधी सेटिंग्जमध्ये जाऊन ग्राफिक्स तपासा, कारण मेनूमध्ये घालवलेला वेळही त्यातच मोजतात.

घरात दोन पोरं असतील तर स्टीमची स्टीम फॅमिलीज ही सोय बघाच. सहा जणांपर्यंत एका घरातले लोक एकमेकांचे गेम खेळू शकतात, पोराचं खातं वेगळं, किती वेळ खेळायचं ते आईबापांना ठरवता येतं, आणि खरेदीची विनंती पोराकडून येते, पैसे आपण भरायचे. पण याच्यात दोन गोष्टी पोरांना आधीच सांगा. तुमच्या कॉपीवर खेळताना पोराने चीट वापरली आणि बॅन झाला तर त्या गेममध्ये तुम्हीही बॅन होता. आणि एका कुटुंबात शिरल्यापासून एक वर्ष झाल्याशिवाय दुसऱ्यात जाता येत नाही, म्हणून मित्रांबरोबर कुटुंब बनवायच्या फंदात पडू नका, भांडण झालं की लटकता.

बऱ्याच जणांना माहीत नसतं ते म्हणजे स्टीमवरच्या सगळ्याच गेमना कुलूप नसतं. ते लावायचं का नाही हे पब्लिशर ठरवतो. कितीतरी छोटे गेम असे आहेत की त्यांचं फोल्डर कॉपी करून ठेवलं तर स्टीम बंद असतानाही चालतात. पीसीगेमिंगविकी नावाच्या साईटवर गेमचं नाव टाकलं की कुठल्या दुकानातल्या कॉपीला कुलूप आहे ते लिहिलेलं असतं, मी घेण्याआधी तिथे बघतो. आणि किंमत बघायची असेल तर स्टीमडीबीवर त्या गेमची आजवरची सगळ्यात कमी किंमत रुपयात दिसते. जूनच्या शेवटी आणि डिसेंबरच्या शेवटी मोठे सेल असतात, घाई कशाचीच नसते.

एपिक. हे डिसेंबर २०१८ ला आले, फोर्टनाईट गेम बनवणारे. दर गुरुवारी रात्री साडेआठला, थंडीच्या दिवसांत साडेनऊला, नवीन फुकट गेम येतो, आठवड्याच्या आत घ्यायचा, एकदा घेतला की खात्यात राहतो. मे २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये जीटीए ५ फुकट दिला तेव्हा सगळे एकदम तुटून पडल्यामुळे साईटच कोलमडली होती, मी आणि भाऊ दोघंही रात्री जागे होतो. मुलाने आत्तापर्यंत तिथे कितीतरी गेम जमवलेत. घ्या, जरूर घ्या, फुकट आहेत. पण मी तिथे पैसे घालून फारसं घेत नाही, आणि कारण सांगतो. सुरुवातीला त्यांनी दुकान नीट बांधण्यापेक्षा दुसऱ्या दुकानातले गेम बंद करण्यावर भर दिला. मेट्रो एक्झोडस नावाच्या गेमच्या रिलीजला तीन आठवडेही नव्हते, लोकांनी स्टीमवर आगाऊ पैसे भरले होते, तेव्हा एकदम सांगितलं की आता वर्षभर फक्त एपिकवर. ज्यांनी आधी भरले त्यांना गेम मिळाला, पण गिऱ्हाईकाला निवडच ठेवायची नाही हा प्रकार मला पटत नाही. आणि तेव्हा त्यांच्याकडे साधी दोन गेम एकत्र टाकायची टोपली सुद्धा नव्हती, ती २०२१ च्या डिसेंबरला आली, म्हणजे तीन वर्षांनी.

तरी एका बाबतीत त्यांना मान दिला पाहिजे. स्टीम १०० रुपयांतले ३० स्वतः ठेवतं, फार मोठा धंदा करणाऱ्या गेमसाठी ते २५ आणि २० पर्यंत खाली येतं, एपिक १२ च ठेवायचं, आणि जून २०२५ पासून तर गेमच्या वर्षातल्या पहिल्या १० लाख डॉलरवर काहीच ठेवत नाही. छोट्या स्टुडिओसाठी हा फरक फार मोठा आहे. आपल्या पुण्यात नोडिंग हेड्स नावाच्या स्टुडिओने राजी नावाचा गेम बनवला, २०२० ला आला, आपल्याकडची चित्रं, आपल्याकडच्या देवदेवता, राजस्थानी वाडे, मुलगी नायिका. अशा मूठभर लोकांनी कित्येक वर्षं खपून बनवलेल्या गेमला ७० मिळतात का ८८ किंवा जास्त यावर त्यांचा पुढचा गेम होतो का नाही हे ठरत असणार. म्हणून छोट्या स्टुडिओचा गेम दोन्हीकडे सारख्याच किमतीला असेल आणि तुम्हाला फाईलची फिकीर नसेल तर जिथून बनवणाऱ्याला जास्त मिळतात तिथून घ्या, मी हे दोनदा केलंय.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. लेखात शेवटी एक ओळ होती की काही वेबसाईटवर कीज, म्हणजे खात्यात टाकायचे गेमचे कोड, अर्ध्या किमतीत मिळतात. ती ओळ नको होती. ही दुकानं नसतात, बाजार असतात, कोणीही अनोळखी माणूस तिथे की विकतो, ती कुठून आली ते कोणाला माहीत नसतं. चोरीच्या कार्डाने घेतलेली असू शकते, परीक्षण लिहिणाऱ्यांसाठी दिलेली असू शकते, दुसऱ्या देशापुरती असू शकते. माझ्या पुतण्याने दिवाळीची ओवाळणी साठवून १४०० रुपयांत एक की घेतली, ज्या गेमची खरी किंमत ३००० होती. टाकली, चालली, अठरा दिवस खेळला, एकोणिसाव्या दिवशी गेम खात्यातून गायब, नुसता मेल की ही की रद्द केली आहे. विकणाऱ्याचं खातं तोपर्यंत बंद झालेलं. बाजारवाला म्हणाला तुम्ही संरक्षणाचे वेगळे पैसे भरले नव्हते. पोरगा दोन दिवस जेवला नाही नीट. आणि त्यातून गेम बनवणाऱ्याला तर एक रुपयाही गेला नसेल, उलट चोरीचं कार्ड असेल तर दंड त्यालाच बसतो. हंबलसारखी जी दुकानं थेट पब्लिशरकडून की घेऊन विकतात ती वेगळी, त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही. इज देअर एनी डील नावाची साईट आहे, तिथे अशाच अधिकृत दुकानांच्या किमती लावतात, स्वस्तच पाहिजे असेल तर तिथे बघा.

तक्रार कुठे करायची हेही लोकांना माहीत नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० पासून आहेत, त्यात डिजिटल वस्तू येतात, आणि भारतातल्या गिऱ्हाईकाला नियमित विकणारी परदेशी कंपनीही येते. नियम असा आहे की तक्रार अधिकारी नेमायचा, ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे. माझ्या ३१ गेमच्या वेळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं, मी नुसते सपोर्टला हात जोडत राहिलो. २०२३ मध्ये केंद्राने डार्क पॅटर्नवर पण मार्गदर्शक सूचना काढल्यात, गिऱ्हाईकाला फसवणाऱ्या १३ प्रकारांची यादी आहे त्यात. माझी मागणी साधी आहे, जिथे वस्तू विकली जात नाही, नुसती परवानगी दिली जाते, तिथे बटणावर विकत घ्या असं लिहिणं हेही त्यात धरा, कॅलिफोर्नियाने केलं ते दिल्लीलाही करता येईल. आपल्या पेपरने हा विषय लावून धरला तर खासदारांपर्यंत जाईल. गेमच नाही, ऑनलाईन घेतलेले सिनेमे, पुस्तकं सगळ्यालाच ते लागू होईल.

तोपर्यंत आईबापांना एवढंच सांगतो. पोराच्या खात्याला तुमचा चालू असलेला मेल जोडा, कॉलेजचा किंवा शाळेचा नको. नंबर बदलला की त्याच दिवशी तिथे बदला. पहिल्या खरेदीची पावती आणि डब्यातला कोड असेल तर त्याचा फोटो काढून वेगळा ठेवा. मित्रांबरोबर रोज ऑनलाईन खेळायचे गेम स्टीमवर घ्या, मित्र तिथेच आहेत आणि सर्व्हर बंद झाला तर फाईलचा तसाही उपयोग नाही. एकट्याने खेळायचा, कथेचा, परत परत काढून खेळावासा वाटेल असा गेम असेल तर थोडं थांबा, जीओजीवर येतो का बघा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

पुरवणीत पुढच्या वेळी तुलना छापाल तेव्हा किमतीच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवाल का, ऑफलाईन इन्स्टॉलर मिळतो का, हो किंवा नाही. एवढा एक रकाना मला २०१३ मध्ये कोणी दाखवला असता तर मी त्यातले निम्मे गेम तरी दुसरीकडून घेतले असते. येत्या रविवारी मी आणि मुलगा दुसरी हार्ड डिस्क आणणार आहोत, पहिलीची कॉपी करायला, कारण एकच डिस्क म्हणजे उद्या ती पडली तर तेही गेलं. पट्टी त्याने आधीच लिहून ठेवलीय, गेम्स २.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली